ऑस्ट्रेलियाचे १८९/१९०/४९१ हे कुशल कामगारांचे व्हिसा : ईओआय टाकल्यापासून निमंत्रण येईपर्यंत कागदपत्रांची तयारी

मुळामुठा

ईओआय, म्हणजे व्हिसासाठी इच्छुक असल्याची ऑनलाइन नोंद, टाकून झाला की पुढचे कित्येक महिने काहीच हलत नाही. मग एके दिवशी व्हिसाचा अर्ज भरण्याचं निमंत्रण येतं आणि त्या दिवसापासून अर्ज भरायला फक्त ६० दिवस मिळतात. ते वाढवून मिळत नाहीत. अर्ज भरल्यानंतरही कागद चढवता येतात हे खरं, पण अधिकाऱ्याने फाइल उघडली त्या दिवशी समोर जे असेल त्यावर निर्णय देण्याची त्याला मुभा असते. राहिलेला कागद तो मागेलच, या भरवशावर राहू नये.

कागदांचे सरळ दोन ढीग करा. एकात दुसऱ्याच्या मर्जीवर असलेले कागद: जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं, विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणी, नावातल्या फरकाची प्रतिज्ञापत्रं. हे शिळे होत नाहीत, म्हणून आजच मागे लागा. दुसऱ्या ढिगात मुदतीचे कागद, म्हणजे पोलीस क्लिअरन्स (पीसीसी) आणि मेडिकल. त्यांना निमंत्रणाआधी हात लावू नका.

दोन गोष्टी मात्र वाट बघता बघताच संपून जातात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. इंग्रजीची परीक्षा निमंत्रणाच्या तारखेआधीच्या ३ वर्षांत दिलेली हवी. स्किल असेसमेंट, म्हणजे तुमचं शिक्षण आणि अनुभव तुमच्या व्यवसायाला साजेसे असल्याचं मान्य संस्थेचं पत्र, निमंत्रणाच्या दिवशी चालू असायला हवं. आयटीवाल्यांचं असेसमेंट करणाऱ्या एसीएसचं (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी) पत्र २ वर्षं चालतं. दोन्हींच्या शेवटच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि ४ महिने आधी नव्याची तयारी सुरू करा. मुदत संपलेल्या पत्रावर आलेलं निमंत्रण वाया जातं.

नोकरीच्या पुराव्यांवर जाणकारांनी सविस्तर लिहावं. सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडखळतात.

---

दस्तऐवज

लिहितो. ईओआयमध्ये वय, इंग्रजी, अनुभव अशा गोष्टींना गुण असतात. त्यातले अनुभवाचे गुण मागत असाल तर प्रत्येक नोकरीसाठी तीन वेगळ्या बाजूंनी पुरावा हवा: काम काय केलं, पगार मिळाला का, आणि सरकारदरबारी त्याची नोंद आहे का.

पहिल्यासाठी अनुभवपत्र. कंपनीच्या लेटरहेडवर, तारीख घातलेलं, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि कंपनीचा ईमेल असलेलं. त्यात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, कामाचं ठिकाण आणि कामांची यादी. कामांची यादी तुमच्या व्यवसायाच्या सरकारी वर्णनावरून शब्दशः उचलू नका. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत तीच वाक्यं त्याच क्रमाने आली की तपासणाऱ्याला पत्र कुणी लिहिलं ते लगेच कळतं.

दुसऱ्यासाठी पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट. दर महिन्याचं पगारपत्रक द्यायची गरज नाही. प्रत्येक नोकरीचा पहिला आणि शेवटचा महिना, मधे दर तिमाहीला एक, आणि पगारवाढ झाली तो महिना पुरतो. बँक स्टेटमेंटमध्ये पगार जमा झालेल्या ओळी पिवळ्या करा. पगार दुसऱ्याच एजन्सीच्या नावाने जमा होत असेल तर नेमणूकपत्रातला किंवा करारातला तो संबंध दाखवणारा भाग सोबत जोडा.

तिसऱ्यासाठी फॉर्म १६, आयकर विवरणाची पोच, फॉर्म २६एएस आणि पीएफचं पासबुक. २६एएसला फार कमी लोक महत्त्व देतात. कंपनी बंद पडली, एचआर फोन उचलत नाही, फॉर्म १६ हरवला, तरी २६एएस आयकराच्या पोर्टलवरून तुमचं तुम्हाला काढता येतं आणि त्यात कलम १९२ खाली कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात पगारावर कर कापला ते दिसतं. २००८-०९ पासूनची वर्षं मिळतात.

पीएफबद्दल एक मेख. मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो. तिथली रक्कम ईपीएफओच्या पासबुकात दिसत नाही. ट्रस्टचं वार्षिक स्टेटमेंट कंपनीकडून वेगळं मागावं लागतं, आणि नोकरी सोडल्यावर ते मिळवणं जड जातं. ज्यांची नोकरी अजून चालू आहे त्यांनी आजच उतरवून ठेवा.

यूएएनच्या (पीएफ खात्याच्या क्रमांकाच्या) पोर्टलवर सेवेचा इतिहासही बघा. सोडल्याची तारीख तिथे एक आणि रिलीव्हिंग लेटरवर दुसरी, असं बऱ्याचदा निघतं. दुरुस्तीला जुन्या कंपनीची संमती लागू शकते, म्हणजे हेही पहिल्याच ढिगातलं काम.

---

कोकणकडा

एचआर फक्त हुद्दा आणि तारखा असलेलं ठरावीक पत्र देते, कामांची यादी द्यायला धोरण आडवं येतं. अशा वेळी?

---

दस्तऐवज

मग तुमच्या तेव्हाच्या वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. ते त्याच व्यक्तीने स्टॅम्प पेपरवर करायचं, तुम्ही स्वतःच्या नावाने नाही. त्यात तुमचं आणि त्याचं कामाचं नातं, दोघं कोणत्या काळात एकत्र होता, तुमचे तास आणि कामं यावं. नोटरीचा शिक्का, सही, तारीख आणि ‘माझ्यासमोर शपथपूर्वक सही केली’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य हवंच. एसीएस हे वाक्य शोधते, नुसता गोल शिक्का चालत नाही. सोबत एचआरचं ते ठरावीक पत्र लावा, म्हणजे तारखा कंपनीकडून आणि कामं वरिष्ठाकडून सिद्ध होतात. वरिष्ठाचं तेव्हाचं ओळखपत्र किंवा व्हिजिटिंग कार्ड असेल तर तेही.

कंपनीचं नाव बदललं किंवा ती दुसरीत विलीन झाली असेल तर कंपनी निबंधकांकडच्या नोंदीतलं नावबदलाचं प्रमाणपत्र जोडा. नाहीतर अधिकाऱ्याला फॉर्म १६ एका कंपनीचा आणि पत्र दुसरीचं वाटतं.

---

यारा-काठ

कागद कितीही चोख असले तरी ईओआयमध्ये गुण चुकीचे मागितले असतील तर सगळं फुकट. निमंत्रणात जितके गुण लिहिलेत तितके अधिकाऱ्याच्या हिशोबात भरले नाहीत, तर व्हिसा नाकारला जातो. किमान लागणाऱ्या ६५ गुणांच्या वर असलात तरी हेच.

सगळ्यात जास्त घोळ एसीएसच्या कपातीचा होतो. पत्रात एक वाक्य असतं की अमुक महिन्यानंतरचा अनुभव कुशल पातळीचा धरला आहे. त्याआधीची २ वर्षं, काहींची ४, गुणांत मोजायची नाहीत. ती कपातीची तारीख एखाद्या नोकरीच्या मधेच येत असेल तर ईओआयमध्ये त्या नोकरीच्या दोन नोंदी करा: तारखेपर्यंतची ‘संबंधित नाही’, पुढची ‘संबंधित’. परदेशातल्या अनुभवाला ३ वर्षांना ५, ५ वर्षांना १० आणि ८ वर्षांना १५ गुण मिळतात, तेही मागच्या १० वर्षांतल्याच अनुभवाला.

दुसरं असं की चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवली की दिवस उलटतील तसे गुण आपोआप वाढतात. सोय चांगली आहे, पण मधे नोकरी सोडली, हुद्दा बदलून वेगळंच काम आलं किंवा बिनपगारी लांब रजा घेतली, तर प्रणालीला ते कळत नाही. ती गुण वाढवत राहते. असा बदल झाला त्याच आठवड्यात ईओआय दुरुस्त करा. गुण बदलत नसतील तर दुरुस्तीने रांगेतली तारीख मागे जात नाही, तेव्हा घाबरू नका.

वय उलट्या दिशेने चालतं. २५ ते ३२ ला ३० गुण, ३३ व्या वाढदिवसाला २५, ४० व्या वाढदिवसाला १५.

---

अजिंठा

नावांबद्दल. मराठी नावांची अडचण वेगळी आहे म्हणून स्वतंत्र लिहिते.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. बँकेत मधलं नाव फक्त आद्याक्षराने. हा नुसता क्रमाचा फरक आहे, त्याला प्रतिज्ञापत्र लागत नाही. पण ईओआय, पीटीई किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांची नोंदणी आणि व्हिसाचा अर्ज, या सगळ्यांत नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. परीक्षेची नोंदणी करताना वडिलांचं नाव गाळणं ही नेहमीची चूक.

स्पेलिंगचा फरक असेल, म्हणजे कुठे एक अक्षर जास्त, कुठे आडनावाचं वेगळं इंग्रजी रूप, तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा आणि अर्जात ‘इतर नावं’ या रकान्यात ती सगळी रूपं लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी माहेरचं पूर्ण नाव तिथे न विसरता लिहावं. स्वतःचं पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी उत्तम पुरावा. ती ऑनलाइन अर्जाने होते, पण छापून यायला वेळ जातो.

गावांच्या नावांचाही विचार करा. जन्मदाखल्यावर औरंगाबाद, उस्मानाबाद किंवा अहमदनगर असेल आणि नव्या पासपोर्टवर नवं नाव आलं असेल तर अर्जात पासपोर्टप्रमाणे लिहा, आणि एका ओळीत खुलासा करा की ते एकच शहर आहे. विद्यापीठाचंही तसंच. पदवीवर पुणे विद्यापीठ आणि आता काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कारण नाव २०१४ मध्ये बदललं. सोलापूर विद्यापीठाचं नंतर. याला प्रतिज्ञापत्र नको, खुलाशाची ओळ पुरे.

जुन्या जन्मदाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांचं. आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव नोंदवून नवा दाखला मिळतो का ते बघा. नाहीच मिळाला तर पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला एकत्र द्या.

---

मांडवी

+१. गोव्याची भर घालतो. जुन्या नोंदींचे उतारे पोर्तुगीज भाषेत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. महाराष्ट्रातल्या फक्त मराठीत असलेल्या दाखल्यांनाही तेच. भाषांतर ऑस्ट्रेलियात केलं तर भाषांतरकार नाटी या तिथल्या भाषांतरकारांच्या संस्थेचा मान्यताप्राप्त हवा. ऑस्ट्रेलियाबाहेर केलं तर मान्यता लागत नाही, पण भाषांतरकाराने आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव भाषांतरावर लिहायला हवा. मूळ दाखला आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये ठेवा. इंग्रजी-मराठी दोन्ही भाषांतल्या दाखल्याला भाषांतर नको, मात्र हाताने भरलेला मजकूर फक्त मराठीत आहे का ते नीट बघा. छापील मथळे इंग्रजीत आणि नावं देवनागरीत असे दाखले पुष्कळ.

आणि ज्यांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलंय किंवा त्यासाठी जन्मनोंद करून ठेवलीय त्यांनी अर्जात ते दडवू नये.

---

खारघर

पीसीसी आधी काढू नका हे पटत नाही. भारतात पोलीस पडताळणी रखडली तर ६० दिवसांचं काय? मी तर सांगेन की ईओआय टाकला की लगेच काढा. फी ५०० रुपये, फार काय जाणार?

---

मुळामुठा

खारघर, फीचा प्रश्न नाही. ६० दिवस अर्ज भरण्यासाठी आहेत. पीसीसी अर्जानंतरही चढवता येते. ती साधारणपणे दिल्या तारखेपासून १२ महिने धरली जाते. ईओआयसोबत काढलेली पीसीसी निमंत्रण येईपर्यंतच म्हातारी होते आणि पुन्हा काढावी लागते. शिवाय देशाबाहेर असलेल्या अर्जदाराला पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख दिली जाते तेव्हा पीसीसी आणि मेडिकल यांपैकी आधी संपणाऱ्या तारखेकडे बघितलं जातं. कागद जितका जुना, तितका सामान आवरायला कमी वेळ.

वाट बघताना करायचं ते असं. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी पासपोर्ट, मग पीसीसी, कारण पीसीसीवर पासपोर्टचा क्रमांक असतो. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असला की पोलीस पडताळणीची शक्यता वाढते. तेव्हा भाड्याच्या घरात असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत करून घ्या आणि आधारवरचा पत्ता बदलून ठेवा.

---

आखाती

मुळामुठांशी सहमत, पण परदेशातल्या पीसीसीला अपवाद करावा. मागच्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सगळा काळ मिळून १२ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाची लागते, वयाच्या १६ वर्षांनंतरच्या वास्तव्यासाठी. कंपनीच्या कामासाठी तुकड्यातुकड्यांत परदेशात (ऑनसाइट) राहिलेल्यांनी पासपोर्टवरचे शिक्के मोजून दिवसांची बेरीज करावी. ११ महिने वाटतात आणि १३ निघतात.

अमेरिकेसाठी एफबीआयचा अहवाल, १८ डॉलर, बोटांचे ठसे ठरावीक कार्डावर. ठसे पुसट निघाले की परत येतात, म्हणून दोन कार्डं पाठवावी. ब्रिटनसाठी एक्रो या पोलीस नोंदींच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र. आखातातून परत आलेल्यांना बाहेरून काढणं जास्त कटकटीचं, म्हणून तिथे अजून असाल आणि निमंत्रण जवळ दिसत असेल तर देश सोडण्याआधीच काढा. इथे १२ महिन्यांचा धोका पत्करणं परवडतं. तिथले निवासी परवाने, लेबर कार्ड यांचे दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन कायम जपा, पुढे अर्ज करताना त्यांचे क्रमांक विचारतात.

---

नाडीपरीक्षा

मेडिकलबद्दल थोडक्यात. अर्ज भरल्यावर इमीअकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात, हॅप आयडी हा आरोग्य तपासणीचा क्रमांक तयार होतो. तो घेऊन ऑस्ट्रेलिया सरकारने ठरवलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच जायचं, घरच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही. सगळ्यांची शारीरिक तपासणी, ११ वर्षांपासून पुढे छातीचा एक्स-रे, १५ पासून पुढे एचआयव्ही चाचणी, आणि भारतातल्या २ ते १० वर्षांच्या मुलांना क्षयरोगाची वेगळी चाचणी.

आपल्याकडे उशीर होतो तो एक्स-रेमुळे. फुप्फुसावर जुना डाग दिसला की थुंकीचे तीन नमुने आणि कल्चर लावतात, त्याचा निकाल यायला ६ ते ८ आठवडे. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेलाय त्यांनी या वाट बघण्याच्या काळात उपचार पूर्ण केल्याचा दाखला, जुने एक्स-रे आणि औषधांचा कालावधी शोधून ठेवावा. आजार लपवू नका. होऊन बरा झालेला क्षयरोग व्हिसा नाकारायचं कारण ठरत नाही. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब असलेल्यांनी ताजे रिपोर्ट आणि औषधांची यादी न्यावी. लघवीची तपासणी असते, म्हणून बायकांनी पाळीच्या दिवसांतली तारीख टाळावी, नाहीतर रक्त दिसून पुन्हा बोलावतात. गरोदर असाल तर एक्स-रे बाळंतपणानंतर करता येतो, पण तोवर निर्णय थांबतो.

---

यारा-काठ

फॉर्म ८० आणि १२२१ हे स्वतःच्या सविस्तर माहितीचे फॉर्म आत्ताच भरायला घ्या. सगळ्यांना मागतातच असं नाही, पण मागितले तर घाईत भरणं शक्य नाही. मागच्या १० वर्षांतले सगळे पत्ते आणि सगळे परदेश प्रवास तारखांसकट लागतात. नोकरी-शिक्षणाच्या काळात एकही महिना मोकळा सोडायचा नाही. दोन नोकऱ्यांमधले ४ महिने ‘बेरोजगार, घरच्यांच्या आधारावर’ असं लिहून भरायचे. होस्टेल, पीजी, ऑनसाइटचं सर्व्हिस अपार्टमेंट, सगळे पत्ते येतात. आधी एका एक्सेलमध्ये महिनावार मांडणी करा: डावीकडे महिना, मग पत्ता, काम, देश. त्याच एक्सेलवरून ईओआय, अर्ज आणि फॉर्म ८० तिन्ही भरले की तारखा आपसांत भांडत नाहीत. पूर्वी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर ‘हो’ लिहा आणि खुलासा करा. खोटी माहिती किंवा खोटा कागद निघाला तर ४०२० या निकषाखाली नकार मिळतो आणि पुढची ३ वर्षं दार बंद. साधी चूक कळली तर फॉर्म १०२३ ने आपणहून दुरुस्त करता येते.

---

कोकणकडा

जोडीदाराला इंग्रजी येतं याचा पुरावा काय द्यायचा? शाळा मराठी माध्यमाची, पदवी इंग्रजीतून.

---

अजिंठा

पदवी किंवा पदविका किमान २ वर्षं पूर्णवेळ आणि सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं असेल तर कॉलेजचं तसं पत्र पुरतं. शाळेचं माध्यम मग आडवं येत नाही. पत्र लेटरहेडवर, प्राचार्यांच्या किंवा रजिस्ट्रारच्या सहीने, अभ्यासक्रमाचं नाव, सुरू-संपल्याची तारीख, पूर्णवेळ हा शब्द आणि शिक्षणाचं माध्यम इंग्रजी हे वाक्य असलेलं हवं. ‘परीक्षेचं माध्यम इंग्रजी’ एवढंच लिहून देणारी कॉलेजं आहेत, ते कमी पडतं. शिकवण्याचं माध्यम असा उल्लेख मागून घ्या. बी.ए. मराठी साहित्यासारख्या पदवीला हे लागू नाही, तिथे परीक्षा द्यावी लागेल. हे जमलं नाही तर जोडीदारासाठी फीचा दुसरा हप्ता भरावा लागतो, तो चार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर जातो. एका पत्राच्या मागे लागणं केव्हाही बरं.

---

दस्तऐवज

स्कॅनिंग. मूळ कागदाचा रंगीत स्कॅन चालतो, त्यावर नोटरीचा शिक्का मारून घ्यायची गरज नाही. काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवरून स्कॅन करू नका. एका फाइलची मर्यादा ५ एमबी. २०० ते ३०० डीपीआयवर मजकूर स्वच्छ येतो आणि आकारही आवाक्यात राहतो. अर्जदारामागे फायलींची संख्या मर्यादित असते, म्हणून एका कंपनीची सगळी पगारपत्रकं एका पीडीएफमध्ये, फॉर्म १६ सगळे दुसऱ्यात, असं बांधा.

फॉर्म १६, पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट यांना पासवर्ड असतो. तो काढून मगच चढवा, नाहीतर समोरच्याला फाइल उघडत नाही. फाइलच्या नावात टक्का, अँड, हॅश अशी चिन्हं नकोत. नाव असं ठेवा की अधिकाऱ्याला न उघडता कळेल: अर्जदाराचं नाव, कंपनी, कागदाचा प्रकार, वर्षं. सबमिट केलेली फाइल परत काढता येत नाही, तेव्हा चढवण्याआधी प्रत्येक पीडीएफ दुसऱ्या कुणाकडून तरी उघडून बघून घ्या.

---

खारघर

पीसीसीचं पटलं, धन्यवाद. मुलांचं काही वेगळं लागतं का? आणि वाट बघताना बाळ झालं तर?

---

मुळामुठा

मुलाचा एक पालक सोबत येत नसेल तर त्याची संमती फॉर्म १२२९ वर. १८ पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी अवलंबून म्हणून जात असेल तर फॉर्म ४७ए आणि त्याच्या शिक्षणाचे, तुमच्यावर अवलंबून असल्याचे पुरावे.

निमंत्रणाआधी बाळ झालं तर ईओआयमध्ये कुटुंबाची संख्या बदला, बाळाचं नाव घातलेला जन्मदाखला लगेच काढा आणि त्यावरून पासपोर्ट. अर्ज भरल्यानंतर झालं तर फॉर्म १०२२ ने कळवा, सोबत जन्मदाखला. अर्जानंतर लग्न झालं तर जोडीदाराला फॉर्म १४३६ ने निर्णय येण्याआधी जोडता येतं, त्याची फी वेगळी, आणि जोडीदाराची पीसीसी-मेडिकल तेव्हापासून सुरू. लग्नाची नोंदणी मात्र थांबवू नका. गावाकडे ग्रामपंचायतीतही होते आणि लग्नाचे साक्षीदार हाताशी असताना आठवडाभरात होऊन जाते.